विश्लेषण : शिडाच्या जुन्या बोटीची डोलकाठी एका बोल्टपायी कशी धोक्यात येते?

डोलकाठी क्वचितच स्वतःहून मोडते. दगा देतात ते तिला धरून ठेवणारे बोल्ट, पिना आणि पट्ट्या. दिसायला त्या चकचकीत असतात, हीच खरी अडचण.

५ नोव्हेंबर २०१८. दक्षिण पॅसिफिक महासागरात, केप हॉर्नच्या पश्चिमेला सुमारे १९०० सागरी मैलांवर ज्याँ-ल्यूक व्हान डेन हीड या ७३ वर्षांच्या फ्रेंच नाविकाची ‘मात्मुत’ ही बोट वादळात कलंडली. बोट पुन्हा सरळ झाली तेव्हा डोलकाठी जागेवर होती, पण तिला आधार देणाऱ्या तारा सैल पडल्या होत्या. पाहणी केल्यावर कारण कळले. खालच्या आधारतारा डोलकाठीला ज्या बोल्टने जोडलेल्या होत्या, तो बोल्ट ॲल्युमिनियमची भिंत चिरत सुमारे पाच सेंटीमीटर खाली सरकला होता.

व्हान डेन हीड तेव्हा ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या स्पर्धेत आघाडीवर होते. दुरुस्तीसाठी चिलीच्या बंदरात गेले असते तर मुख्य स्पर्धेतून बाहेर पडावे लागले असते. त्यांनी तसे केले नाही. हलत्या बोटीवर पुन्हा पुन्हा डोलकाठीवर चढून त्यांनी जागच्या जागी बांधबंदिस्ती केली, शिडे आवरती ठेवली, केप हॉर्नला वळसा घातला आणि २९ जानेवारी २०१९ रोजी फ्रान्समधील ले साब्ल-दोलोन येथे पहिले पोहोचले. दुसऱ्या क्रमांकाचे मार्क स्लॅट्स दोनच दिवसांनी आले. एका बोल्टने स्पर्धेचा निकाल जवळजवळ फिरवला होता.

या स्पर्धेत जुन्याच बोटी का?

१९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी एकट्याने, कुठेही न थांबता जगाची फेरी पूर्ण केली. असे करणारे ते पहिलेच. त्या फेरीच्या पन्नाशीनिमित्त २०१८ मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ स्पर्धा पुन्हा भरली. नियम मुद्दाम जुन्या वळणाचे ठेवले गेले. बोट ३२ ते ३६ फुटांची हवी, तिचा आराखडा १९८८ पूर्वीचा हवा आणि तळाचा कणा, म्हणजे कील, बोटीच्या लांबीभर गेलेला हवा. दिशा शोधायची ती सेक्स्टंट आणि कागदी नकाशांवर. ‘मात्मुत’ ही ‘रस्लर ३६’ जातीची बोट होती. या जातीचा आराखडा १९८० च्या सुमाराचा. पहिल्या तिन्ही क्रमांकांच्या बोटी याच जातीच्या होत्या.

त्या स्पर्धेत पाच बोटींच्या डोलकाठ्या गेल्या. नॉर्वेचे आरे वीग, आयर्लंडचे ग्रेगर मॅकगकिन, भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी, फ्रान्सचे लोईक लपाज आणि ब्रिटनच्या सुझी गुडॉल. टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली आणि फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या गस्ती जहाजाने २४ सप्टेंबर २०१८ रोजी त्यांना वाचवले. यांतल्या बहुतेक घटना महाकाय लाटांमुळे घडल्या. अख्खी बोट उलटून डोलकाठी पाण्यात आपटली तर कितीही नवी पिन टिकेलच असे नाही. म्हणूनच ‘मात्मुत’चे उदाहरण अधिक शिकवणारे आहे. तिथे डोलकाठी शाबूत राहिली, जोड गेला. आणि जुन्या बोटींच्या मालकांना वादळ नसतानाही ज्याला तोंड द्यावे लागते, तो प्रश्न हाच आहे.

डोलकाठी उभी कशाच्या जोरावर राहते?

कोकणातल्या जुन्या गलबतांची डोलकाठी म्हणजे जाडजूड सोट असे. आजच्या क्रीडानौकेची डोलकाठी ही ॲल्युमिनियमची पोकळ नळी असते, तिच्या भिंतीची जाडी अवघी काही मिलिमीटर. एकटी उभी केली तर भरल्या शिडाचा जोर ती सोसणार नाही. तिला चारही बाजूंनी पोलादी तारांनी ताणून धरलेले असते. पुढची आणि मागची तार म्हणजे ‘स्टे’, दोन्ही बाजूंच्या तारा म्हणजे ‘श्राउड’. बाजूच्या तारांना योग्य कोन मिळावा म्हणून डोलकाठीला मध्येच आडवे हात बसवलेले असतात, ते ‘स्प्रेडर’. सर्कशीचा तंबू आठवा. खांब वजन पेलतो, पण त्याला उभा ठेवतात त्या ताणलेल्या दोऱ्या.

या रचनेत प्रत्येक तार साखळीसारखी काम करते. वर डोलकाठीला पट्टी, पट्टीत पिन, पिनेला तारेचे दाबून बसवलेले टोक, मग तार, खाली पुन्हा तसेच टोक, त्याखाली ताण कमी-जास्त करणारा टर्नबकल, पुन्हा पिन आणि शेवटी बोटीच्या अंगात रुतलेली पोलादी पट्टी, तिला ‘चेनप्लेट’ म्हणतात. ३६ फुटी बोटीवर साधारण आठ मिलिमीटरची तार असते आणि ती तुटायला साडेचार ते पाच टनांचा जोर लागतो. पण साखळीतली बोटाएवढी पिन निसटली की या पाच टनांना अर्थ उरत नाही. वाऱ्याच्या बाजूची एक तार सुटली तर डोलकाठी दुसऱ्या बाजूला कोसळायला काही सेकंद पुरतात.

पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाच्या भोकात एक बारीक दुहेरी तार घालून तिची टोके फाकवतात. बाजारात तिला ‘स्प्लिट पिन’ म्हणतात. अख्ख्या बोटीवरची ही बहुधा सर्वांत स्वस्त वस्तू. ती गंजून गळून पडली आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण पिन जागेवरच दिसत असते.

मग बोल्टने भिंत कशी चिरली?

बोल्ट पोलादाचा, भिंत ॲल्युमिनियमची आणि पातळ. तारेचा सगळा ओढा त्या बोल्टमार्फत भोकाच्या खालच्या कडेवर येतो. टेकण्याची जागा अगदी थोडी, म्हणजे बोल्टची जाडी गुणिले भिंतीची जाडी, एवढीच. बोट प्रत्येक लाटेवर डोलते, तसा ओढा वाढतो आणि कमी होतो. वर्षानुवर्षे हे चालले की गोल भोक अंड्यासारखे लांबट होऊ लागते. लांबट झाले की बोल्टला खेळायला जागा मिळते, आणि खेळ मिळाला की प्रत्येक झटका हातोड्यासारखा बसतो. एखाद्या वादळात उरलेला पत्रा फाटतो.

यावरचा इलाज अवघड नाही, पण तो किनाऱ्यावरच नीट होतो. डोलकाठी उतरवून भोकाभोवती आतून किंवा बाहेरून जादा पत्र्याची थिगळी रिव्हेटने पक्की करतात, म्हणजे जोर मोठ्या क्षेत्रावर पसरतो. बोल्ट आरपार जात असेल तर तो एका नळीतून नेतात. त्यामुळे नट कितीही आवळला तरी पोकळ डोलकाठी चेपत नाही. हे काम करताना मोह होतो तो भोक थोडे मोठे करून जाड बोल्ट घालण्याचा. तो टाळलेला बरा, कारण भोक मोठे केले की तिथला पत्रा आणखी कमी होतो.

‘स्टेनलेस’ असूनही पोलाद का गंजते?

स्टेनलेस पोलाद गंजत नाही, ही समजूत स्वयंपाकघरातून आली असावी. त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो पुन्हा भरून येतो. पण जिथे खारे पाणी साचून राहते आणि हवा पोहोचत नाही, तिथे तो भरत नाही. अशा फटीत गंज आतल्या आत खोल जातो. बाहेरून पट्टी आरशासारखी, आत अर्धी खाल्लेली.

चेनप्लेट डेकमधून आरपार जाते ती जागा म्हणजे अशी नेमकी फट. तिथे पाणी शिरू नये म्हणून सीलंट भरलेले असते. काही वर्षांनी ते सुटते, पाणी झिरपते आणि तिथेच अडकते. खूण एकच : डेकवर किंवा आत केबिनच्या भिंतीवर तांबूस ओघळ. जुनी बोट विकत घेताना अनेक जण तो ओघळ पुसून टाकतात. खरे तर तिथे थांबून पट्टी बाहेर काढून पाहायला हवी.

दुसरी जागा तारेच्या खालच्या टोकाची. पाणी तार उतरत खाली येते आणि दाबून बसवलेल्या टोकाच्या तोंडातून आत शिरते. म्हणून वरच्या टोकांच्या तुलनेत खालची टोके आधी तडकतात. बारीक, केसासारखी उभी चीर दिसली की तार बदलायची, त्यावर दुसरा उपाय नाही. १९ तंतूंच्या पिळाच्या तारेतला एखादाच तंतू तुटून गळासारखा बाहेर आला असेल तरीही तेच. ‘अजून अठरा आहेत’ असे म्हणणारे भेटतात. पण जो एक तुटला त्याला कारणीभूत झालेली झीज बाकीच्या अठरांवरही झालेली असते.

पोलाद घेतानाही फसगत होते. समुद्रासाठी ३१६ प्रतीचे पोलाद लागते. त्यात सुमारे दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि खाऱ्या पाण्यात तेच तारून नेते. मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात नट-बोल्ट घ्यायला गेल्यावर ‘एसएस’ एवढेच सांगितले तर ३०४ प्रतीचा मालही मिळू शकतो. दिसायला दोन्ही सारखे. लोहचुंबक लावून पाहण्याची सवय इथे उपयोगाची नाही, कारण दोन्ही प्रतींना तो जवळपास चिकटतच नाही. प्रत लेखी मागणे किंवा मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या रसायनाचा थेंब टाकून पाहणे, हेच मार्ग.

जुने स्क्रू निघता निघत का नाहीत?

डोलकाठीच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त वेळ जातो तो नवे बसवण्यात नाही, जुने काढण्यात. पोलादी स्क्रू ॲल्युमिनियममध्ये घातला आणि त्यावर खारे पाणी पडले की तिथे एक छोटी विद्युतघटमाला तयार होते. त्यात झिजते ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये दाटून बसते आणि स्क्रू सिमेंटमध्ये रुतल्यासारखा होतो. रंग फुगलेला आणि खाली पांढरी पूड दिसली की आत हेच चालले आहे असे समजावे.

घाई केली की स्क्रूची खाच जाते आणि काम दुप्पट होते. आधी गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर ठेवायचे. मग हॉट एअर गनने किंवा बारीक ज्योतीने तापवायचे. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे भोक किंचित मोकळे होते. मग हातोड्याने ठोकून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर. तरीही हलला नाही तर डोके ड्रिलने उडवून पट्टी मोकळी करायची, उरलेला दांडा काढायचा आणि गरज पडल्यास एक माप मोठे आटे पाडायचे.

नवा स्क्रू घालताना दोन धातूंमध्ये अडसर हवा. त्यासाठी खास लेप मिळतात. पट्टीखाली नायलॉनचा किंवा प्लॅस्टिकचा पातळ तुकडाही चालतो. रिव्हेट मारायचे असतील तर जोर पडणाऱ्या जागी मोनेल या निकेल-तांबे मिश्रधातूचे, हलक्या कामाला ॲल्युमिनियमचे. पितळेचे किंवा तांब्याचे मात्र कधीच नाही. या लेपाची नळी महाग वाटते, म्हणून अनेक जण तो टप्पा गाळतात. दहा वर्षांनी तोच स्क्रू काढताना त्याची किंमत कळते.

कधी दुरुस्ती, कधी सरळ बदल?

आधारतारांचे आयुष्य साधारण दहा ते पंधरा वर्षे धरतात. अनेक विमा कंपन्याही तारा किती वर्षांच्या आहेत हे विचारतात. उष्ण, दमट, खाऱ्या हवेत हा हिशेब खालच्या आकड्याकडे धरावा लागतो. युरोपातल्या थंड तलावात उन्हाळ्यापुरती फिरणारी बोट आणि वर्षभर मुंबईच्या बंदरात नांगरलेली बोट यांना एकच मोजपट्टी लागत नाही.

पिना, स्प्लिट पिना, टर्नबकल, तारा आणि त्यांची टोके यांच्या बाबतीत शंका आली की बदलणे स्वस्त पडते. डोलकाठीची नळी आणि मोठ्या पट्ट्या तपासून ठेवता येतात. चिरा शोधण्याची एक सोपी पद्धत आहे. भाग स्वच्छ करून त्यावर लाल रंगद्रव्य फवारायचे, थोडा वेळ मुरू द्यायचे, पुसून टाकायचे आणि वर पांढरी पावडर मारायची. चीर असेल तर त्यात मुरलेला लाल रंग वर येतो. पृष्ठभागापर्यंत आलेल्या चिरा यात दिसतात. आत दडलेल्या दिसत नाहीत, आणि पट्टी जागेवरून न काढता डेकमधला भागही दिसत नाही.

डोलकाठीचा पायथा सहसा विसरला जातो. पाणी बाहेर जायची भोके कचऱ्याने बुजली तर पायाशी खारे पाणी साचते आणि नळी तळाकडून खचते. काही बोटींत डोलकाठी डेकवरच टेकवलेली असते आणि तिचा भार खाली केबिनमधल्या खांबावर जातो. डेकच्या आतले लाकूड कुजले की डेक दबते. याची पहिली चाहूल अनेकदा अशी लागते, की तारा आवळल्यावर केबिनचा दरवाजा अडकू लागतो. मालक दरवाजा तासून घेतो आणि मूळ रोग तसाच राहतो.

माथ्यावर चाके असतात, त्यांवरून शीड वर खेचायच्या दोऱ्या जातात. जुन्या बोटींत या दोऱ्यांच्या जागी पोलादी तार असे, म्हणून चाकांची खाच अरुंद. आता तारेऐवजी दोरी घातली आणि चाक मात्र तेच ठेवले, तर दोरी खाचेच्या कडांवर घासून काही महिन्यांत विरते. एक वस्तू बदलली की शेजारची तपासावी लागते.

पुन्हा उभी करताना काय पाहतात?

क्रेनने डोलकाठी उतरवण्याआधी प्रत्येक तारेची लांबी, टर्नबकलच्या उघड्या आट्यांची मोजणी आणि प्रत्येक जोडाचे छायाचित्र एवढे झाले, तर परत बसवणे निम्म्याने सोपे होते. ताण मोजायला उपकरण मिळते, पण साध्या मोजपट्टीवरही काम भागते. एकोणीस तंतूंच्या तारेच्या दोन मीटर लांबीवर खूण करायची. ती लांबी एक मिलिमीटरने वाढली, की तारेवर तिच्या तुटण्याच्या जोराच्या पाच टक्के ताण आला असे समजायचे. तीन मिलिमीटर वाढ म्हणजे पंधरा टक्के. आठ मिलिमीटरच्या तारेत हा ताण सुमारे सातशे किलोंचा झाला. हाताने तार ओढून ‘घट्ट आहे’ म्हणणारा अंदाज यापुढे टिकत नाही. नवी तार सुरुवातीला थोडी बसते, त्यामुळे काही फेऱ्यांनंतर पुन्हा मोजावे लागते.

मुंबई आणि गोव्याचा काय संबंध?

नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ ही ३२ फुटी सागवानी बोट मुंबईत बांधली गेली आणि डिसेंबर १९६४ मध्ये इथेच पाण्यात उतरली. २०१८ साठी टॉमी यांनी निवडलेली ‘थुरिया’ ही तिचीच प्रतिकृती गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये तयार झाली. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही याच गोदीतली. टॉमी पुढे २०२२ च्या स्पर्धेत ‘बायानात’ या रस्लर ३६ वरून उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.

लाकडी डोलकाठीचे दुखणे वेगळे. तिथे पट्टीखाली लाकूड कुजते. स्क्रू सहज फिरू लागला तर तो सैल झालेला नसतो, त्याला धरणारे लाकूडच उरलेले नसते. मुंबईत पावसाळ्याआधी छोट्या बोटी किनाऱ्यावर घेतल्या जातात. डोलकाठी आडवी करून चार घोड्यांवर ठेवायला आणि एकेक पिन काढून पाहायला तोच काळ सोयीचा. मात्र ओल्या हवेत सीलंट आणि रंग नीट वाळत नाहीत, म्हणून खोलण्याचे काम आधी आणि बंद करण्याचे काम पाऊस सरल्यावर, असा क्रम लावावा लागतो.

आणि समुद्रात डोलकाठी गेलीच तर?

पडलेली डोलकाठी तारांनी बोटीला लटकलेली असते आणि प्रत्येक लाटेसरशी तिचे मोडके टोक बोटीच्या अंगावर आदळते. भोक पडण्याआधी ती सोडवावी लागते. त्यासाठी मोठे बोल्ट कटर जवळ ठेवतात, पण डोलत्या, ओल्या डेकवर जाड तार कापणे वाटते तितके सोपे नाही. पिना ठोकून काढणे बहुधा लवकर होते. त्यासाठी स्प्लिट पिनेची टोके थोडीशीच फाकवलेली हवीत. निसटू नये इतकी, आणि पक्कडीने एका झटक्यात सरळ करता येतील इतकीच. गंजलेली किंवा गुंडाळून बसवलेली पिन त्या वेळी हलत नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये आरे वीग यांची डोलकाठी केप टाऊनपासून काहीशे मैलांवर गेली. त्यांनी हाताशी असलेल्या साहित्यातून तात्पुरती डोलकाठी उभी केली, त्यावर छोटे शीड चढवले आणि कोणाचीही मदत न घेता केप टाऊनचे बंदर गाठले.